मॅडम, नखाचं काय ठरलं?

स्मृतिलेख आहे म्हणून रुमाल काढून बसले असाल तर तो परत खिशात ठेवा. आमच्या वार्षिकांकाच्या संपादक सरांनी मले नीट समजावून सांगतलं होतं. जन्म कुठी झाला ते लिही, शिक्षण कुठी झालं ते लिही, पेपर किती छापून आले ते लिही, आन शेवटी ‘ज्ञानाची ज्योत मालवली’ असं एक वाक्य टाक, चौकटीत घेतो. म्या हो म्हटलं. पण सर, ज्या बाईबद्दल मी लिहून राह्यलो, तिच्यासमोर कोणी ‘ज्योत मालवली’ म्हटलं असतं तर तिनं चष्मा कपाळावर नेऊन पहिले विचारलं असतं, “कावून मालवली? हवेनं, तेल सरलं म्हून, का कोनी फुंकली? विझाले शंभर कारनं असतात. पुरावा दे.” म्हणून ते वाक्य नाई. रडणं-बिडणं बी नाई. ज्याले रडाचंच आहे त्यानं मागच्या पानावर जावं, तिथी परीक्षेचे निकाल आहेत.

वाचणारे गेले असतीन तिकडं. चला कुंदा मॅडम, आता आपण बोलू.

आपली पहिली भेट आठवते का तुमाले? मी अकोटहून नवीनच अमरावतीले आलो होतो, एमेस्सीच्या पहिल्या वर्षाले. इंग्रजी येत नव्हतं, गाडी नव्हती, चेहरा असा. माह्यापाशी एकच माल होता, नक्कल. जिन्यावर पोट्टे जमवून मी दुकान मांडलं होतं. लायब्ररीवाल्या काकाचा खोकला झाला, प्राचार्यांचं ‘विद्यार्थी मित्रहो’ झालं, आन मंग तुमी. पदर कमरेले खोचला, खडू हवेत धरला, आन सुरू: “कावून रे? कावून? सांग ना, कावून?” पोट्टे लोळून राह्यले होते. आन मंग हसू एकदम बंद. नकल्याले हे सगळ्यात पहिले समजते मॅडम, हसू संपलं का कापलं. मागं पाह्यलं तर तुमी उभ्या.

“आवाज बरा हाय,” तुमी म्हटलं. “पन ‘कावून’ चुकला.”

“काय चुकलं मॅडम?”

“तू विचारतो तं वाटते भांडून राह्यला. मी विचारतो तवा मले खरंच माहीत नसते.”

अकोल्याच्या बायका ‘विचारतो’ म्हणतात, ते बी मी नकलेत ‘विचारते’ केलं होतं. म्हणजे चुका दोन होत्या, तुमी एकच सांगतली. आन वर म्हटलं, “उद्यापासून लॅबमंदी ये नकल्या. ज्याले इतकं ऐकू येते त्याले थोडंफार दिसत बी असन.”

तेव्हापासून माह्यं नाव नकल्या. मार्कशीटवरचं नाव तुमाले शेवटपर्यंत पाठ झालं नाई.

लॅबमंदी तुमी मले एक पांढरी पूड दाखवली. चिमूटभर, काचेच्या नळीत, थोड्या स्पिरिटात विरघळवली. जांभळा दिवा लावला. काहीच नाई. काळं. मंग त्यात तुमी कीटकनाशकाचा एक थेंब टाकला, आन बाप्पा, नळी अशी निळी पेटली की मी दोन पावलं मागं सरलो.

तुमी सांगतलं, ही पूड तशी मुकी. हजार गोष्टी भेटल्या तरी तोंड उघडत नाई. पण हे एक इख भेटलं की दिव्याखाली चमकते. औषध मारणाऱ्या मानसाच्या आंगात जे इख जाते, त्याचा तुकडा लघवीत उतरतो, त्याले बी ही ओळखते. तुमचे आधीचे विद्यार्थी उलटं करत होते, म्हणजे चमकणारी पूड घ्याची आन इख भेटलं की ती विझाची. ते तुमाले पटलं नाई. “विझली म्हनजे काय समजाचं? इखानं विझली का तुह्या मयक्या, घान बोटानं?”

म्या म्हटलं, “मॅडम, म्हणजे ही आमच्या गल्लीतली काकू झाली. दिवसभर ओट्यावर गपचिप बसते. कोणाच्या घरी काही सापडलं की तोंड उजळते.”

“म्हनजे काय म्हनाचं हिले?”

“चुगली.”

तुमी इतक्या हसल्या की चष्मा टेबलावर पडला. प्रबंधात तिचं नाव ‘प्रोब’, म्हणजे शोधक, लॅबमंदी ‘चुगली’. “चुगली लाव रे.” “चुगली काय म्हणते?” “आज चुगलीचं तोंड कावून बंद?” पुण्याच्या परिसंवादात तुमी मोठ्या इंग्रजीत बोलता बोलता ‘चुगली’ बोलून गेल्या, आन पहिल्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसाच्या सरांनी ते नवीन रसायनाचं नाव म्हणून वहीत उतरवून घेतलं. मी पाह्यलं. तुमी बी पाह्यलं. दोघांनीबी त्यांचा गैरसमज दूर केला नाई.

मंग आपण माह्या गावात आलो, नमुने घ्याले. आमचं गाव अकोटजवळ, घरची फुलशेती, वावरात झेंडू आन शेवंती. फवारा मारणाऱ्या मानसांले तुमी पारावर बसवून सगळं सांगतलं, कावून पायजे, काय तपासणार, कोणाचं नाव कुठंच येणार नाई, नको वाटलं तर नाई द्याचं. मंग तुमी म्हटलं, एक कोरा नमुना बी लागते. कोरा म्हणजे ज्याच्यात काही नसाले पायजे असा. त्याच घरातलं, त्याच विहिरीचं पाणी पिणारं, पण पंपाले हात न लावणारं मानूस.

“माही आई आहे ना,” म्या म्हटलं. “ती पंपापासून दोन हात दूर राह्यते. वास येते म्हणते.”

आईले बाटली दिली तर तिनं ती अशी धरली जसं मेलेलं उंदीर. “अमरावतीले शिकाले पाठवला, आन हा मायचं मूत मांगते! कोन्या कालेजात शिकवतात रे हे?”

“वहिनी, मी शिकवतो,” तुमी मागून म्हटलं.

आई अशी लाजली की तिनं आधी तुमाले कुंकू लावलं, मंग चहा दिला, मंग बाटली घेतली. लग्न झालेलं नाई हे तुमी सांगू पाह्यलं तर तिनं ऐकलं नाई. “कपाय हाय ना? मंग झालं.”

परत जाताना अकोल्याच्या एसटीत आपल्या पायापाशी थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, त्यात पिवळ्या बाटल्या. शेजारी एक आजी बसली. झाकण जरा सरकलं होतं. ती पाहत राह्यली, पाहत राह्यली, मंग तिनं हळूच विचारलं, “बाई, गोमूत्र हाय काय? नातीच्या घरी उद्या वास्तुशांती हाय. वाइसं देता काय?”

“आजी, हे गाईचं नाई.”

“म्हशीचं हाय?”

तुमी माह्याकडं पाह्यलं. मी खिडकीबाहेर पाह्यलं. तुमी खोटं बोलत नव्हत्या ना, तीच तर पंचाईत. “नाई आजी. मानसांचं हाय.”

आजीनं पदर नाकाले लावला, उठली, आन समोर कंडक्टरजवळ जाऊन बसली. तिथून अकोल्यापर्यंत सगळ्या गाडीले आपली ओळख झाली. तुमाले पुरा रस्ता हसू दाबता येत नव्हतं. अकोल्याले माईंच्या, म्हणजे तुमच्या मोठ्या बहिणीच्या घरी आपण जेवाले थांबलो, आन तुमी म्हटलं, “माई, डबा फ्रीजमंदी ठेवू काय?” माईंनी काय आहे ते विचारलं. तुमी तिथी बी खरंच सांगतलं. आपण अंगणात जेवलो.

आता हळदीचं. हे सांगू नको असं तुमी म्हटलं नव्हतं, म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी माह्या चुलतबहिणीची हळद. मी गावाले परत पळालो, नाचलो, पोट्ट्यांनी मले नवरीपेक्षा जास्त माखलं, आन सकाळच्या एसटीनं मी थेट लॅबमंदी. नळ्या मांडल्या, नमुने टाकले, चुगली टाकली, दिवा लावला. सगळ्याच्या सगळ्या नळ्या पेटल्या! मी ओरडलो, “मॅडम, अख्ख्या गावात इख भिनलं!”

तुमी आल्या. घाई नाई, काही नाई. रांगेतली शेवटची नळी उचलली. तिच्यात नुसतं लॅबचं शुद्ध पाणी होतं. ते बी पेटलेलं.

“कावून रे? या पान्यानं कोनाच्या वावरात फवारा मारला?”

मी नळी उलटीपालटी करून पाह्यली.

“हात दाखव.”

दिव्याखाली हात धरले तर दोन्ही पंजे लखलख. हळद जांभळ्या दिव्याखाली पिवळी-हिरवी चमकते, हे मले पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क बी घेतले होते. पण पुस्तकातली हळद आन बहिणीची हळद एकच, हे काही डोक्यात आलं नाई. तुमी दारावर पाटी लावली: ‘हळद लावून आत येऊ नये. नवरदेव असला तरी.’ ती पाटी अजून आहे. मागच्या आठवड्यात नवीन पोट्टीनं विचारलं, हे काय आहे, तर सगळ्यांनी माह्याकडं बोट दाखवलं.

हात घासून, नव्या नळ्या घेऊन परत केलं. या वेळी शुद्ध पाणी मुकं. फवारा मारणाऱ्यांपैकी काही नळ्या मंद, जशी दूरची रॉकेलची चिमणी. आन एक नळी निळीशार. कोरा नमुना. माही आई.

तुमी आधी माह्यावर संशय घेतला, मंग दिव्यावर, मंग चुगलीवर. परत केलं. मंग नवा नमुना मागवला, तेव्हा आई फोनवर काय बोलली ते छापण्यासारखं नाई. तो बी निळा. तेव्हा तुमी स्टुलावर बसल्या आन हळूच म्हटलं, “कावून?” भांडण नाई त्याच्यात. खरंच माहीत नव्हतं तुमाले.

“पंप तं ती धरत नाई.”

“नाई मॅडम.”

“मंग करते काय ती दिवसभर?”

“फुलं तोडते.”

“कवा?”

“सकाळी. उन्हं निघाच्या आधी.”

“आन तुहे बाबा फवारा कवा मारतात?”

“आदल्या संध्याकाळी.”

हे बोलता बोलताच मले समजलं. बाबा पंप मारतात, तोंडाले दुपट्टा बांधतात, घरी येऊन चोळून आंघोळ करतात. आन रातभर पानाफुलांवर बसलेलं ते सगळं सकाळी दवात ओलं होऊन आई उघड्या हातानं वेचते. ओंजळी-ओंजळीनं. मंग त्याच हातानं भाकर खाते. तिचं सकाळचं डोकं धरणं, डोळ्यातून पाणी वाहणं, आमी सगळे म्हणत होतो, ऊन लागलं. उन्हं निघाच्या आधी ऊन लागत नाई, हे इतक्या वर्षांत आमच्या कोणाच्या डोक्यात नाई आलं. आन तिले मी ‘कोरी’ म्हणून बाटली दिली होती.

तुमी पुढच्या रविवारी गावात. आधी आईले अकोल्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आन सांगतलं, बाई, हात झाका. झालं, तिथून तुमचं आन तिचं भांडण सुरू झालं.

“वहिनी, हातमोजे घाला.”

“मॅडमबाई, नख नाई तं तोड नाई.”

आईच्या उजव्या आंगठ्याचं नख आमच्या घरातलं सगळ्यात जुनं अवजार आहे मॅडम. विळ्याच्या आधीचं. ती ते खालून गोल राखते, काळं-हिरवं झालेलं. देठाले आंगठा लावला, नख टेकवलं, टुक. फूल हातात, देठ सरळ, झाड हाललं बी नाई. मोजा घातला की नख आंधळं होते. फूल ओढावं लागते, पाकळ्या सुटतात, शेजारची कळी मोडते, आन अकोटच्या बाजारात असा माल पाहून व्यापारी तोंड फिरवतो.

“मंग फवारा मारल्यावर चार दिस थांबून तोडा.”

“मी थांबतो. फुलाले सांगा तुमी थांबाले.”

आन उत्तर नसलं की तुमी प्रयोग करत होत्या.

कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरं चमकवणारं जे असते, ते तुमी नुसतंच आणलं. नव्या पंपात, स्वच्छ पाण्यात मिसळून बाबांकडून शेवंतीच्या दोन ओळींवर मारून घेतलं. इख नाई, काही नाई, नुसती चमक. सकाळी आईनं रोजच्यासारखी त्या ओळींची तोड केली. मंग भर दुपारी आमच्या आतल्या खोलीले तुमी ताडपत्री लावली, फटीत गोधड्या कोंबल्या, आन सगळ्यांले आत घेतलं. जांभळा दिवा लावला, तर पहिले बाबाच पेटले! पुरं बनियन, ट्यूबलाईट. धुण्याच्या पावडरीची करामत.

“भाऊ, तुमी बाहेर थांबा,” तुमी म्हटलं. “तुमच्या उजेडात काही दिसून नाई राह्यलं.”

बाबा बाहेर गेले, दाराआडून विचारत राह्यले, “काय दिसलं? काय दिसलं?”

आईले तुमी मुद्दाम पावडरीत न धुतलेलं जुनं काळं लुगडं नेसाले लावलं होतं. दिवा तिच्याकडं वळवला. आंगठा. नखाच्या खाली तर निळी कोर, चंद्रासारखी. सगळी बोटं. पदराचं टोक, जिथी ती हात पुसते. कपाळ, जिथी तिनं घाम पुसला. मंग दिवा फिरला तसतसा एकेक उजळत गेला, पाण्याचा गडवा, भाकरीच्या टोपलीचा काठ, दाराची कडी. तुमच्या कपाळावर बी एक ठिपका, तिनं सकाळी कुंकू लावलं तिथी. मले हसू येऊन राह्यलं होतं. मी म्हणणार होतो, माय, तू तर गावभर चुगली केली. तेवढ्यात तुमी दिवा माह्याकडं केला.

आईचा चेहरा बदलला. मले काही समजलं नाई. तुमी तुमच्या पर्समंदला छोटा आरसा माह्यापुढं धरला. माह्या दोन्ही गालावर बोटं. चार-चार बोटं आन आंगठे, स्पष्ट, निळे. सकाळी मी वावरात गेलो तेव्हा तिनं माह्यं तोंड दोन्ही हातात धरून म्हटलं होतं ना, ‘किती वायला रे, हाडं निघाली.’ ते होतं.

बाबा बाहेरून, “काय दिसलं?”

मंग आईनं विचारलं, “हे असं रोज असते?”

“हे तं नुसती चमक होती वहिनी,” तुमी म्हटलं. “रोज असते ते चमकत नाई.”

मॅडम, तुमी त्या दिवशी जिंकल्या असंच मले वाटलं होतं. त्या दिवसापासून तोडीनंतर आईनं हात धुतल्याबिगर गडव्याले हात नाई लावला. माह्या तोंडाले तर नाईच. पण मोजे नाई घातले. तुमी भांड्याचे आणले, डॉक्टरचे आणले, इलेक्ट्रिकवाल्याचे जाड आणले. इलेक्ट्रिकचे घालून आई शेवंतीपाशी अशी उभी राह्यली जशी खांबावर चढणार आहे. डॉक्टरच्या मोज्याले तिच्या नखानं पहिल्याच तोडीत भोक पाडलं. तुमी म्हटलं, मी स्वतः तोडून दाखवतो. तोडलं. आईनं तुमच्या परडीत पाह्यलं आन इतकंच म्हटलं, “मॅडमबाई, हे फुलं हायत का कोशिंबीर?”

मंग फोनवर चालू राह्यलं. तुमी लॅबमंदून, ती वावरातून. मी मधात. तुमी म्हणत, नख कापा. ती म्हणे, तुमी तुमची चुगली नळीतून फेकून द्या, मंग मी नख कापतो. मी एकदा तुमच्या आवाजात तिले फोन केला, “वहिनी, मी कुंदा बोलतो,” तर ती म्हणते, “मेल्या, जेवला का?” लगेच ओळखलं. मले वाटते, ‘कावून’ वापरला असता तर फसली असती. पण तो आपल्याले जमत नाई.

आन शेवटचा फोन. तुमी तिले म्हटलं, “वहिनी, आंगठ्याचं माप द्या. दोऱ्यानं.” कशाले, ते तुमी सांगतलं नाई. तिनं विचारलं, मी विचारलं, तुमी नुसत्या हसल्या. “आदी होऊ द्या. नाई जमलं तं हसान.” आईनं पांढरा दोरा आंगठ्याले गुंडाळला, गाठ मारली, मी तो आणून तुमच्या हातात दिला. त्या शनिवारी तुमी माईंकडं अकोल्याले गेल्या. आन मंग काय झालं ते मी नाई लिहित. डॉक्टर म्हणतात, हृदय. मले तुमीच शिकवलं, मॅडम, विझाले शंभर कारणं असतात.

अकोल्याले माईंच्या घरी तुमाले पाह्यलं. बायकांनी तुमचे हात-पाय हळदीनं माखले होते. मले ती दारावरची पाटी आठवली, आन मॅडम, माफ करा, मले भर गर्दीत हसू आलं. माईंनी पाह्यलं. मले वाटलं आता बसते थोबाडीत. म्या त्यांले पाटीचं सांगतलं. त्या बी हसल्या, तोंडाले पदर लावून, आन मंग किती वेळ तसाच पदर लावून राह्यल्या. परतून लॅबमंदी गेलो, तर तुमच्या टेबलावर पेन होता, त्याले तो दोरा गुंडाळलेला. गाठीसकट. म्या हात नाई लावला. घरी येऊन आईले सांगतलं तेवढं. ती गोवऱ्या रचत राह्यली.

मले तुमाले म्हणाचं होतं की… जाऊ द्या. म्हणजे, मी जे काही शिकलो ना मॅडम, ते आवाज काढाचंच शिकलो होतो. गप बसून पाह्याचं तुमी शिकवलं. आन आईच्या डोकेदुखीले नाव दिलं. हे तोंडावर म्हटलं असतं तर तुमी म्हटलं असतं, “बरं. आता नळ्या धू.” म्हणून नाई म्हटलं.

कॉलेजमंदी तुमची शोकसभा ठेवली, तर मी म्हटलं हार आमच्या वावरातल्या फुलांचा पायजे. आदल्या रात्री गावी गेलो, पहाटे कोणाले न उठवता वावरात. पहिली एसटी पकडाची होती. तुमाले शेवंती आवडे, पांढरी. परडी काखेत मारली आन सुरू झालो, दोन्ही हातानं. आईसारखं नख माह्यं नाई, म्हणून ओढून राह्यलो होतो, पाकळ्या सुटून राह्यल्या होत्या, तुमची कोशिंबीर आठवून मी एकटाच हसून राह्यलो होतो. मंग ते हसणं कवा फिरलं ते समजलं नाई. समोरचं फूल दिसेना. मी हात डोळ्याकडं नेला.

“कावून रे?”

मॅडम, तोच ‘कावून’. एक मात्रा इकडंतिकडं नाई. भांडणाचा नाई, खऱ्या प्रश्नाचा. मी नकल्या, मले सांगा, मले इतक्या वर्षांत जमला नाई तो. मागं वळून पाह्यलं.

आई. हातात भांड्याचे पिवळे मोजे, कोपरापर्यंत. उजव्या आंगठ्यावर, मोज्याच्या वरून, शिवणकामाचं जुनं अंगुस्तान बसवलेलं, शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते पितळी टोपण. त्याची एक कड दगडावर घासून नखासारखी गोल केलेली. दुसऱ्या हातात तोडलेलं फूल, देठ सरळ, पाकळी न पाकळी जागेवर.

माह्यं लक्ष तिच्या आंगठ्याकडं गेलं, हे तिनं पाह्यलं. पण ती जे बोलली ते असं होतं:

“उघड्या हातानं कावून तोडून राह्यला? काल संध्याकायी तुह्या बापानं याच ओयीवर औषध मारलं, इचारलं काय कोनाले? चोरासारखा घुसला! एवढा शिकला, काचेच्या नया पेटवल्या, मायचं मूत तपासलं, आन आता अक्कल कुठी ठेवली? मॅडमबाई गेली म्हून तिचं सांगनं बी गेलं काय? ठेव ती परडी. ठेव म्हनतो ना! मी तोडून देतो तिचे फुलं. आन तो हात खाली घे, डोयाले लावू नको! विहिरीवर जा, साबन हाय तिथी. आदी हात धू नकल्या. मंग रड.”